टेकडीवरचे बोल्स हॉल आणि त्याचे शेजारी

बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून पूर्वेकडे, टेकडीच्या दिशेने चालू लागले की थोड्याच वेळात चढ अंगावर येतो. एका बाजूला १९०३ सालचे उघडे ग्रीक थिएटर, दुसऱ्या बाजूला १९२३ सालचे मेमोरियल स्टेडियम, आणि दोहोंच्या मध्ये उतारात पाय रोवून बसलेली एक किल्ल्यासारखी इमारत. तिच्या वरच्या खिडक्यांतून पश्चिमेला सॅन फ्रान्सिस्कोची खाडी दिसते. हे बोल्स हॉल. १९२९ साली विद्यार्थी इथे राहायला आले, आणि बर्कलीच्या आवारातले पहिले वसतिगृह म्हणून त्याची नोंद झाली.

याच टेकडीच्या पायथ्याने हेवर्ड भ्रंशरेषा जाते. तिच्या दोन बाजूंची जमीन वर्षाला सुमारे ५ मिलिमीटर, म्हणजे तांदळाच्या एका दाण्याइतकी सरकत असते. वर्षभरात ते कुणाच्या लक्षात येत नाही. पण या रेषेवरून गेलेल्या रस्त्यांच्या कडेला बसून पाहिले, तर कधीकाळी दोरी लावून सरळ घातलेली काँक्रीटची कड मध्येच तुटून बाजूला गेलेली दिसते. २१ ऑक्टोबर १८६८ रोजी ही रेषा हादरली तेव्हा विद्यापीठाची सनद जेमतेम सात महिन्यांची होती. त्यानंतर तितका मोठा भूकंप या रेषेवर झालेला नाही, आणि म्हणूनच इथली प्रत्येक जुनी इमारत दुरुस्त करताना पहिला प्रश्न जमिनीचा असतो. दुसरा प्रश्न शेजाऱ्यांचा. बोल्सची कथा या दोन्ही प्रश्नांतून जाते.

खोलीसाठी वणवण

मराठी अभ्यासकांना बर्कली हे नाव परिचयाचे आहे ते गेल ऑमव्हेट यांच्यामुळे. पश्चिम भारतातील ब्राह्मणेतर चळवळीवरचा प्रबंध लिहून त्यांनी १९७३ साली याच विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली आणि पुढे सांगली जिल्ह्यातले कासेगाव आपले घर मानले. त्या चळवळीच्या इतिहासात कोल्हापूरच्या बोर्डिंगांचे पान मोठे आहे. शाळेचे दार उघडे असले तरी राहायला जागा आणि दोन वेळचे जेवण नसेल तर खेड्यातला मुलगा त्या दारापर्यंत पोचत नाही, हे राजर्षी शाहू महाराजांनी ओळखले आणि १९०१ पासून एकामागून एक वसतिगृहे उभी केली.

श्रीमंत कॅलिफोर्नियात मात्र हे काम दीर्घकाळ खासगी हातांवर सोडलेले होते. विद्यार्थी घरमालकिणींच्या खाणावळवजा घरांत राहत, किंवा ‘फ्रॅटर्निटी’ आणि ‘सोरोरिटी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या निवडक मंडळींच्या निवासांत. त्या निवासांत प्रवेश मिळायचा तो ओळखीपाळखीवर, घराण्यावर आणि कातडीच्या रंगावर. ज्याला तिथे थारा नाही त्याने गावात खोली शोधायची. आशियाई आणि कृष्णवर्णीय मुलांना तीही सहजी मिळत नसे.

विद्यापीठाचे माजी विद्यार्थी, बँकर आणि ‘रीजेंट्स’ या विद्यापीठाच्या नियामक मंडळाचे माजी सदस्य फिलिप बोल्स यांच्या निधनानंतर त्यांच्या पत्नी मेरी मॅक्निअर बोल्स यांनी पतीच्या स्मरणार्थ वसतिगृहासाठी देणगी दिली. दिवंगताच्या नावे पाणपोई किंवा धर्मशाळा बांधण्याची रीत आपल्याला नवी नाही, इथे त्याच भावनेने मुलांना निवारा मिळाला. आराखडा केला जॉर्ज केलहॅम यांनी. १९२७ ते १९३१ या काळात ते विद्यापीठाचे मुख्य वास्तुविशारद होते. त्यांनी ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या महाविद्यालयांची आठवण होईल अशी गॉथिक धाटणी निवडली, पण भिंती उभ्या केल्या त्या दगडाऐवजी सळईबंद काँक्रीटच्या.

ऑक्सफर्डचे अनुकरण केवळ कमानींपुरते नव्हते. नुसत्या झोपण्याच्या खोल्या न देता मुलांनी चार वर्षे एकत्र राहावे, एकत्र जेवावे, वरच्या वर्गातल्यांनी नवख्यांना हाताशी धरावे, अशी कल्पना होती. सुमारे २०० मुलगे इथे राहत. पहिल्या वर्षी बुजऱ्या चेहऱ्याने आलेला मुलगा चौथ्या वर्षी दुसऱ्याची पेटी उचलून जिना चढत असे. स्वतःची गाणी, स्वतःच्या खोड्या आणि स्वतःची संघटना असलेली एक परंपराच तयार झाली.

खालच्या वळणावरचे दुसरे घर

बोल्सपासून थोडे खाली उतरले की पीडमाँट अव्हेन्यू लागते. फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड यांनी १८६५ साली या रस्त्याची आखणी केली. त्याच्या डोक्याशी घुमटाचे ‘इंटरनॅशनल हाउस’ उभे आहे. त्याचे वास्तुविशारदही केलहॅमच. पण त्याच्या जन्माची कथा वेगळी आहे, आणि ‘शेजारी’ या शब्दाचा अर्थ समजून घ्यायला ती आवश्यक आहे.

न्यूयॉर्कमध्ये वायएमसीएचे काम करणारे हॅरी एडमंड्स यांनी १९०९ साली वाटेत भेटलेल्या एका चिनी विद्यार्थ्याला सहज ‘गुड मॉर्निंग’ म्हटले. आपल्याशी कुणीतरी आपणहून बोलले हेच त्या मुलाला अपूर्वाईचे वाटले, आणि परदेशी विद्यार्थी किती एकटे पडतात हे एडमंड्स यांना उमगले. त्यातून, जॉन डी. रॉकफेलर (धाकटे) यांच्या पैशावर, १९२४ साली न्यूयॉर्कचे इंटरनॅशनल हाउस उभे राहिले. पुढचे घर बर्कलीत बांधायचे ठरले, कारण आशियातून येणारी जहाजे याच खाडीत लागत. जागा म्हणून एडमंड्स यांनी मुद्दाम पीडमाँट अव्हेन्यूच निवडली. परक्यांना आणि गौरेतरांना दार बंद ठेवणाऱ्या निवासांची रांग याच रस्त्यावर होती.

गावात खळबळ उडाली. मुलगे आणि मुली एकाच छपराखाली, शिवाय गोरे, काळे, आशियाई सारे एकत्र, ही कल्पना अनेकांना सोसवेना. विरोधासाठी ८०० हून अधिक माणसे जमली. त्यात घरमालक पुष्कळ होते आणि आपल्या मालमत्तेचे भाव पडतील, गावाचा रंग बदलेल, अशी भीती त्यांना होती. त्या चिडलेल्या सभेत ‘ओकलंड ट्रिब्यून’च्या कृष्णवर्णीय वार्ताहर डेलायला बीझली उभ्या राहिल्या आणि त्यांनी या घराची बाजू ठामपणे मांडली. १८ ऑगस्ट १९३० रोजी इंटरनॅशनल हाउसचे दार उघडले.

शेजाऱ्याची प्रत्येक तक्रार शिरसावंद्य नसते, हे त्या सभेने दाखवून दिले. झोपमोड करणाऱ्या आवाजाची तक्रार वेगळी, आणि शेजारी कोण राहायला येतो याविषयीचा आकस वेगळा. बर्कलीत पुढच्या ९० वर्षांत या दोन गोष्टींची सरमिसळ वारंवार झाली, आणि दोन्ही बाजूंना त्याची किंमत मोजावी लागली.

परवानगी लागत नाही, म्हणून

कॅलिफोर्निया विद्यापीठाला राज्यघटनेने स्वायत्तता दिली आहे. आपल्या शैक्षणिक कामासाठी आपल्या जमिनीवर बांधकाम करताना त्याला नगरपालिकेचे झोनिंगचे नियम लागू होत नाहीत. आपल्याकडे एखाद्या सोसायटीच्या शेजारी मजले चढू लागले की माणसे महापालिकेत जातात. बर्कलीच्या रहिवाशाला ती वाट नाही. त्याच्या हाती उरतो तो १९७० चा कॅलिफोर्निया पर्यावरण गुणवत्ता कायदा. मोठे काम काढण्यापूर्वी त्याचे परिणाम तपासा, ते जाहीर करा आणि कमी करण्याचे उपाय सांगा, असे तो कायदा सरकारी संस्थांना बजावतो. तो अहवाल अपुरा आहे असे वाटले तर रहिवासी न्यायालयात जाऊ शकतो.

रहिवाशांच्या मनातल्या अढीलाही इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर विद्यार्थिसंख्या झपाट्याने वाढली. विद्यापीठाने दक्षिणेकडची जुनी घरे ताब्यात घेतली, पाडली आणि १९६० च्या आगेमागे तिथे वसतिगृहांचे उंच मनोरे उभे केले. असाच आणखी एक चौकोन १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात मोकळा करण्यात आला. घरे गेली, पण नवी इमारत आली नाही. चिखल झालेल्या त्या मोकळ्या जागेवर १९६९ च्या वसंतात लोकांनी झाडे लावली आणि तिला ‘पीपल्स पार्क’ म्हटले. १५ मे १९६९ रोजी तिथे कुंपण घालताना उसळलेल्या संघर्षात पोलिसांच्या गोळीबारात जेम्स रेक्टर हा तरुण जखमी झाला आणि नंतर मरण पावला. घरे पाडून जागा तशीच टाकून देण्याची ती चूक विद्यापीठाला अर्धशतकाहून अधिक काळ भोवली.

टेकडीवरही विद्यापीठ आणि शेजारी असेच समोरासमोर आले. स्टेडियमच्या वर पॅनोरमिक हिल नावाची अरुंद, वळणावळणाच्या रस्त्याची जुनी वस्ती आहे. आग लागली किंवा जमीन हादरली तर बाहेर पडायला रस्ता एकच. स्टेडियमशेजारी खेळाडूंसाठी नवी इमारत बांधायची योजना आली तेव्हा तिथल्या रहिवासी संघाने, शहराने आणि ओक वृक्षांच्या रक्षणासाठी झटणाऱ्या संस्थेने दावे लावले. २ डिसेंबर २००६ रोजी काही जण त्या जागेवरच्या ओक झाडांवर चढून बसले. शेवटचे निदर्शक ९ सप्टेंबर २००८ रोजी खाली उतरले. निकाल विद्यापीठाच्या बाजूने लागला, झाडे तोडली गेली, आणि सुमारे ३२ कोटी १० लाख डॉलर खर्चून, जुनी दर्शनी भिंत जपत नव्याने बांधलेले स्टेडियम १ सप्टेंबर २०१२ रोजी सुरू झाले. भ्रंशरेषा जिथे स्टेडियमखालून जाते तिथला भाग स्वतंत्र ठोकळ्यांत बांधला आहे. जमीन सरकली तर ठोकळा सरकेल, बाकीची इमारत त्याच्याबरोबर फाटणार नाही.

या सगळ्या धुरळ्यात, स्टेडियमला खेटून उभे असलेले बोल्स हॉल मात्र मुकाट्याने झिजत होते.

पडता काळ

इमारतीला मान होता. १९८८ मध्ये शहराने तिला वारसा वास्तू ठरवले आणि १९८९ मध्ये तिचे नाव अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या नोंदवहीत गेले. पण नोंदवहीतल्या नावाने नळ दुरुस्त होत नाहीत. काँक्रीटच्या भिंतींतले पाइप जुने, विजेच्या तारा जुन्या, स्नानगृहे सामायिक. अपंग विद्यार्थ्याने चढावरच्या या इमारतीत राहायचे म्हटले तर कठीणच.

त्याहून खोल जखम दुसरीच होती. २००५ च्या सुमारास बोल्समध्ये फक्त पहिल्या वर्षाचे विद्यार्थी ठेवण्याचा निर्णय झाला. चार वर्षांची साखळी तुटली. नवख्याला सांगायला जुना उरला नाही, गाणी शिकवायला कुणी उरले नाही. दर उन्हाळ्यात घर रिकामे होई आणि दर शरदात अनोळखी मुलांनी भरे. त्याच काळात ही वास्तू व्यवस्थापनातील अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी वापरण्याचा विचार पुढे आला.

इथे माजी विद्यार्थी उठले. त्यात १९५० च्या दशकात बोल्समध्ये राहिलेले, सत्तरी-ऐंशीत पोचलेले गृहस्थ होते. नुसता निषेध करून ते थांबले नाहीत. त्यांनी प्रतिष्ठान स्थापले, हिशेब मांडले आणि विद्यापीठापुढे लेखी प्रस्ताव ठेवला. जमीन विद्यापीठाचीच राहील, वास्तू ४५ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर प्रतिष्ठानाकडे येईल, दुरुस्तीचा पैसा रोख्यांतून उभा राहील आणि विद्यार्थ्यांच्या भाड्यातून तो फेडला जाईल. अट एकच : चार वर्षांचे निवासी महाविद्यालय पुन्हा सुरू झाले पाहिजे. रीजेंट्स मंडळाने मान्यता दिली.

जीर्णोद्धार

२०१५ च्या उन्हाळ्यात विद्यार्थी बाहेर पडले आणि कामगार आत आले. ऑगस्ट २०१६ मध्ये नवे सत्र सुरू होण्यापूर्वी काम संपवायचे होते. वसतिगृहाच्या दुरुस्तीत ही तारीख फार निर्दय असते. कार्यालयाचे काम महिनाभर लांबले तर टेबले उशिरा लागतात, वसतिगृहाचे लांबले तर मुले पेट्या घेऊन रस्त्यावर उभी राहतात.

वारसा इमारतीत हात कुठे घालायचा आणि कुठे आवरायचा, याचे अमेरिकेत ठरलेले दंडक आहेत. अंतर्गत खात्याच्या (इंटीरियर) सचिवांच्या नावाने ओळखली जाणारी ती दहा सूत्रे सांगतात की बदलण्याआधी दुरुस्त करा. बदलावेच लागले तर नवे जुन्याशी मिळतेजुळते असू द्या, पण जुन्याची नक्कल करून पाहणाऱ्याची फसवणूक करू नका. आणि जोडलेला भाग उद्या काढून घेतला तरी मूळ वास्तू शाबूत राहिली पाहिजे. बोल्समध्ये दर्शनी रूप राखले गेले, आत खोल्यांच्या संचांना स्वतःची स्नानगृहे मिळाली, नळ-विजेची व्यवस्था नवी झाली. स्वतःचे भोजनगृह आणि आवारातच राहणारे प्राध्यापक, या दोन गोष्टी मूळ कल्पनेच्या गाभ्यातल्या होत्या, त्याही परत आल्या.

वास्तू भिंतीच्या आत दुरुस्त होते, पण तिची धूळ भिंत ओलांडून जाते. खाडीभोवतीच्या ‘बे एरिया’तल्या हवा नियंत्रण जिल्ह्याने बांधकामांसाठी सुचवलेले साधे उपाय इथे मुद्दाम नोंदवावेसे वाटतात, कारण त्यात खर्चापेक्षा शिस्त अधिक आहे. उघड्या मातीवर दिवसातून दोनदा पाणी मारायचे. माती आणि राडारोडा नेणारे ट्रक झाकायचे. रस्त्यावर सांडलेली माती कोरड्या झाडूने न उडवता ओल्या यंत्राने दिवसातून एकदा तरी उचलायची. कच्च्या वाटेवर वाहनाचा वेग ताशी १५ मैलांच्या आत ठेवायचा. उभ्या ट्रकचे इंजिन ५ मिनिटांहून अधिक चालू ठेवायचे नाही. आणि फाटकावर दूरध्वनी क्रमांकाची पाटी लावायची. तक्रार आली की ४८ तासांत त्यावर कार्यवाही झाली पाहिजे.

या यादीत सर्वांत मोलाची आहे ती पाटी. पहाटे खडखडाटाने जागा झालेला म्हातारा माणूस पर्यावरण अहवालाची पाने उलटत नाही. त्याला फोन उचलणारा माणूस हवा असतो.

ऑगस्ट २०१६ मध्ये बोल्स पुन्हा उघडले. २०० हून थोडे कमी विद्यार्थी आले, आणि ८७ वर्षांत प्रथमच त्यात मुली होत्या.

पुढची दहा वर्षे

बोल्सचे काम तुलनेने निर्वेध पार पडले, त्याला कारणेही होती. इमारत जुनीच, उंची तीच, राहणाऱ्यांची संख्या जवळपास तीच, आणि कुणाचेही घर पाडले गेले नाही. गावात इतरत्र मात्र संघर्ष चालूच राहिला. २०२१ मध्ये एका रहिवासी गटाच्या दाव्यावर न्यायालयाने विद्यार्थिसंख्या ४२,३४७ वर गोठवण्याचा आदेश दिला. २०२२ च्या वसंतात सुमारे ३,००० प्रवेश कमी करावे लागतील अशी वेळ आली, तेव्हा विधिमंडळाने घाईने कायदा बदलला आणि १४ मार्च रोजी त्यावर राज्यपालांची सही झाली. फेब्रुवारी २०२३ मध्ये अपिलीय न्यायालयाने, विद्यार्थ्यांच्या गोंगाटाचाही पर्यावरण अहवालात विचार व्हायला हवा होता, असे म्हणत पीपल्स पार्कवरच्या सुमारे १,१०० विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाचे काम अडवले. त्याच वर्षी विधिमंडळाने याही बाबतीत कायदा बदलला. जानेवारी २०२४ मध्ये त्या जागेभोवती मालवाहू कंटेनर एकावर एक रचून भिंत उभी करण्यात आली आणि ६ जून २०२४ रोजी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने विद्यापीठाच्या बाजूने निर्णय दिला.

कंटेनरच्या भिंतीआडून बांधावे लागणारे वसतिगृह आणि माजी विद्यार्थ्यांनी हिशेब मांडून परत मिळवलेले वसतिगृह, दोन्ही एकाच विद्यापीठाची, चालत जाण्याच्या अंतरावरची. पीपल्स पार्कवरही विद्यार्थ्यांना छप्पर मिळायलाच हवे, त्याबद्दल दुमत नाही. पण १९६० च्या दशकात ज्यांची घरे पाडली त्यांना तेव्हाच विश्वासात घेतले असते, तर आज कुंपणाला इतकी उंची लागली नसती. विद्यापीठानेही काही शिकल्याची खूण आहे : २०२१ मध्ये त्याने शहराशी करार करून अग्निशमन आणि इतर नागरी सेवांवरच्या भारापोटी १६ वर्षांत सुमारे ८ कोटी २६ लाख डॉलर देण्याचे मान्य केले. परवानगी लागत नसतानाही शेजाऱ्याचे देणे असते, हे त्यात कबूल केले आहे.

बोल्स हॉल २०२९ मध्ये शंभरीत पोचेल. महाराष्ट्रातल्या कितीतरी बोर्डिंगांनी आणि वसतिगृहांनी ती शंभरी कधीच ओलांडली आहे. त्यांच्या छपरांना, जिन्यांना, मोरीच्या भिंतींना दुरुस्ती हवी आहे, आणि ती सुरू होईल तेव्हा अभियंता सर्वांत आधी जुने नकाशे मागेल. ही स्मरणिका हाती घेतलेल्या प्रत्येक माजी विद्यार्थ्याला विनंती आहे : तुमच्याकडे आपल्या वसतिगृहाचे जुने फोटो, खानावळीच्या वह्या, खोल्यांच्या याद्या, देणगीच्या पावत्या, एखादा पिवळा पडलेला नकाशा असेल तर तो संस्थेच्या कार्यालयात आणून द्या. आणि कार्यकारिणीने काम काढण्याच्या आधी शेजारच्या प्रत्येक घरी जाऊन तारीख, वेळ आणि एका जबाबदार माणसाचा फोन नंबर कागदावर लिहून द्यावा.